समुद्राला गंज कुणी चढवला?



गोव्यात डिचोली किंवा सत्तरीकडे, नाहीतर आपल्या गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरात, खाणीच्या कडेला पडलेला एखादा दगड उचलून बघा. हाताला आधी कळतं ते त्याचं वजन. पाण्याने धुतला की पट्टे उठून दिसतात: एक पोलादी करडा, त्याला लागून तांबडा, मध्येच गारेचा पांढुरका. काही पट्टे बोटाएवढे जाड, काही नखाहून पातळ. यातला करडा भाग टाइलच्या मागच्या खडबडीत बाजूवर ओढला, तर रेघ उमटते ती मात्र लाल. हे हेमॅटाइट, म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचं संयुग. अशा पट्टेदार लोहशिला सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी, त्याच्या आगेमागे, समुद्राच्या तळाशी साचल्या. जगातलं बहुतेक लोखंड आज त्यांच्यातूनच येतं.

आता अडचण अशी की, समुद्रात इतकं लोखंड आलं कुठून? आजच्या समुद्रात ते औषधालाही सापडत नाही. अंटार्क्टिकाभोवतीच्या पाण्यात बाकी सगळी पोषकं असूनही सूक्ष्म वनस्पती खुरटलेल्या राहतात, त्या लोखंडाच्या टंचाईमुळे. कारण पाण्यात प्राणवायू असला की विरघळलेलं लोखंड लगेच गंजतं आणि तळाशी बसतं. त्या आदिम काळात हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. त्यामुळे लोखंड विरघळलेल्या रूपातच राहायचं आणि हजारो किलोमीटर वाहत जायचं. गारेचंही तसंच. आज समुद्रातली सिलिका डायटम नावाची सूक्ष्म शैवालं कवचासाठी आणि स्पंज सांगाड्यासाठी ओढून घेतात. तेव्हा हे गिऱ्हाईकच नव्हतं, म्हणून पाणी सिलिकेने भरलेलं होतं.

आता उगम. पूर्वी समज होता की नद्यांनी जमिनीवरचं लोखंड धुऊन आणलं. या दगडांतल्या युरोपियमने निकाल बराचसा फिरवला. युरोपियम हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांपैकी एक. बाकीची बहुतेक भावंडं एका चालीने चालतात, हे मात्र अडीचशे अंशांहून अधिक तापलेल्या, प्राणवायूविना असलेल्या पाण्यात वेगळं वागतं आणि खडकातून सहज सुटतं. पूर्व प्रशांत महासागराच्या तळाशी १९७९ साली काळं पाणी ओकणारी धुराडी सापडली. त्यांच्या पाण्यात हेच युरोपियम बाकीच्या मानाने जास्त असतं. जुन्या लोहशिलांमध्येही ते तसंच जास्त भरतं. म्हणजे लोखंडाचा मोठा वाटा समुद्रतळाच्या भेगांतून, तापलेल्या पाण्याबरोबर वर आलेला. नद्यांचा वाटा शून्य होता असं नाही, पण मुख्य पुरवठादार त्या नव्हेत.

खरा वाद पुढेच आहे. हे लोखंड गंजवलं कुणी?

अमेरिकन भूवैज्ञानिक प्रेस्टन क्लाउड यांनी १९६०-७० च्या दशकांत मांडलेली गोष्ट अजून पाठ्यपुस्तकांत असते: निळ्या-हिरव्या जिवाणूंनी प्रकाशसंश्लेषण करून प्राणवायू सोडला, तो लोखंडाने गिळला आणि गंज तळाशी बसला. गोष्ट सुटसुटीत आहे, आणि मला वाटतं म्हणूनच ती इतकी टिकली. पण ग्रीनलंडमधल्या इसुआच्या लोहशिला ३.७ अब्ज वर्षांच्या आहेत. हवेत प्राणवायू टिकून राहू लागला तो साधारण २.४ अब्ज वर्षांपूर्वी. मधल्या सुमारे १.३ अब्ज वर्षांचं काय करायचं?

१९९३ साली फ्रीडरिश विडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत असे जांभळे जिवाणू दाखवले, जे पाण्याऐवजी विरघळलेल्या लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घेऊन सूर्यप्रकाशावर जगतात. प्राणवायू ते सोडतच नाहीत. त्यांच्या जगण्यातून मागे उरतो तो नुसता गंज. म्हणजे प्राणवायूशिवायही समुद्र गंजू शकतो! मला व्यक्तिशः ही बाजू जड वाटते. निदान सर्वांत जुन्या शिलांपुरती तरी.

पट्ट्यांबद्दल एक गंमत सांगायलाच हवी. पश्चिम ऑस्ट्रेलियात हॅमर्सली भागात, करिजिनी राष्ट्रीय उद्यानाच्या घळींमध्ये, जवळपास २.४६ अब्ज वर्षांच्या लोहशिला उभ्या कड्यांत उघड्या पडल्या आहेत. मार्ख्रीत लांटिंक आणि सहकाऱ्यांनी त्यांतले थर मोजले. सुमारे दहा सेंटीमीटरचा एक फेर, आणि असे फेर मिळून होणारा सुमारे ८५ सेंटीमीटरचा मोठा फेर. हा ताल पृथ्वीच्या आसाच्या आणि कक्षेच्या हेलकाव्यांचा आहे, असं त्यांचं म्हणणं. आसाचा हेलकावा चंद्राच्या अंतरावर अवलंबून असतो. त्यावरून हिशेब निघाला तो असा: तेव्हा चंद्र सुमारे ३ लाख २२ हजार किलोमीटरवर होता, आज तो ३ लाख ८४ हजारांवर आहे, आणि दिवस होता जेमतेम १७ तासांचा. हा शोधनिबंध २०२२ चा. 

आता पुन्हा खाणीतल्या दगडाकडे. मूळ लोहशिलेत लोखंड तीस टक्क्यांच्या आसपासच असतं. खाणवाल्याला परवडतं ते नंतर घडलेलं. गोव्यात जांभ्याखाली पाणी युगानुयुगं मुरत राहिलं, त्याने सिलिका विरघळवून नेली आणि लोखंड मागे ठेवलं. त्यामुळेच तिथलं बरंचसं खनिज हाताने चुरगळतं, भुकटीच होते त्याची.

आणि हेच मुरणारं पाणी वादातही शिरलं आहे. हॅमर्सलीच्याच गारेच्या थरांत बिर्गर रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्रीनालाइट या हिरव्या खनिजाचे अतिसूक्ष्म कण अडकलेले दिसले. लोखंड आणि सिलिकेचं हे खनिज बनायला प्राणवायू लागत नाही, गंजही लागत नाही. त्यांचा दावा असा की, तळाशी बसला तो हा हिरवा गाळ, आणि लाल हेमॅटाइट पुढे कधीतरी भूजलाने घडवलं. हे खरं ठरलं, तर या दगडांच्या लालीवरून त्या काळच्या हवेबद्दल काहीच सांगता येणार नाही. मग प्राणवायूच्या आगमनाचा पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो, उदाहरणार्थ जुन्या खडकांतल्या गंधकाच्या समस्थानिकांमध्ये.