लाकडी शिल्पाला चीर का पडते?

मी पालीहून बोलतोय. म्हणजे रत्नागिरीचं पाली, जिथे मुंबई-गोवा हायवेवरून कोल्हापूरचा रस्ता फुटतो. दिवसभर मी कोड लिहितो, पण आजचा विषय लाकडाचा.

हल्ली फ्लॅटच्या हॉलमध्ये हाताने कोरलेला हत्ती, पक्षी, मुखवटा ठेवायची आवड वाढलीय. आणि मग एक तक्रार ठरलेली : "चार महिन्यांत चीर गेली, कारागिराने फसवलं." आता बघा, चीर म्हणजे फसवणूकच असं नाही. पण वस्तू परत गेली की तोटा कारागिराच्याच अंगावर.

लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. आर्द्रता ८० टक्के असेल तर कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी लाकडात राहतं. ४० टक्के असेल तर ७-८. म्हणजे कोकणात कोरलेला हत्ती पुण्यात एसीच्या खोलीत गेला की आकसणारच. तेही सगळीकडे सारखा नाही. लाकूड वर्तुळांच्या अंगाने जास्त आकसतं, गाभ्यापासून सालीकडच्या दिशेच्या जवळपास दुप्पट. म्हणून गाभ्यासकट अख्ख्या ओंडक्यातून कोरलेलं मोठं शिल्प बहुतेक वेळा तडकतं.

यावर उपाय जुना आहे. जपानच्या ब्योदो-इन मंदिरातली १०५३ सालची अमिदा बुद्धाची मूर्ती अनेक तुकडे जोडून, आतून पोकळ ठेवून केलीय. आपल्या सावंतवाडीत (१९८१ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती) चितारआळीतली लाकडी फळं हलक्या, मऊ पांगाऱ्याची करतात. वस्तू लहान, त्यामुळे आकसणंही थोडं.

तेव्हा मोठं शिल्प घेताना तीनच गोष्टी विचारा. लाकूड कोणतं? सागवान, शिवण कमी हलतात. किती वाळवलंय? आणि गाभा काढलाय का? वाळवण्यात कारागिराचे महिने जातात, त्याचे पैसे किमतीत येणारच. ते द्या.

घरी एसीच्या झोतात किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. बारीक चीर दिसली तर लगेच भुसा-फेविकॉल भरू नका. पावसाळ्यात ती आपोआप मिटत येते. आधीच भरली तर फुगायला जागा उरत नाही. एक वर्ष बघा, मग ठरवा.

भेटू पुढच्या भागात.