मोगऱ्याच्या काडीला दमट हवेचं घर
(नभोवाणीवरील भाषण)



मोगरा कसा लावावा, त्याला खत किती द्यावं, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. आजचा विषय त्याच्या अलीकडचा आहे. छाटणीच्या काड्यांपासून आपली रोपं आपणच घरच्या पडवीत कशी करावी, आणि त्यासाठी तिथली हवा कशी सांभाळावी, एवढंच आज सांगणार आहे.

मोखाडा, जव्हार, विक्रमगड या भागात मोगरा आता नवा राहिलेला नाही. पहाटे कळ्या खुडायच्या आणि मुंबईला दादरच्या फूलबाजारात पोचवायच्या, हे काम कित्येक पाड्यांवर चालतं. भात, नागली, वरई घरात आली की आपल्याकडे हाताला काम उरत नाही. दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर, बांधकामावर निघतात आणि पोरांची शाळा सुटते. मोगरा फुलतो तो नेमका त्याच रिकाम्या दिवसांत, उन्हाळ्यात. थोडा मोगरा असेल आणि त्याला पुरेल इतकं पाणी असेल, तर घरातलं एखादं माणूस तरी गावात राहू शकतं.

अडचण येते ती रोपांची. विकतच्या रोपांना पैसे पडतात, आणि गाडीत वारा लागून त्यातली कित्येक सुकतात. घरी काडी लावावी, तर ती आठ-पंधरा दिवसांत काळी पडते. मग आपण म्हणतो, आपला हातगुण नाही. बाबांनो, दोष हाताचा नसतो, हवेचा असतो.

तोडलेल्या काडीला मूळ नसतं. पण तिच्या पानातून पाणी वाफ होऊन जातच असतं. म्हणजे खर्च चालू आणि जमा बंद. हवा कोरडी असली की हा खर्च दुप्पट-तिप्पट होतो. मोगऱ्याची छाटणी होते नोव्हेंबर-डिसेंबरात. आपल्याकडे वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो खरा, पण मार्गशीर्ष-पौषात वारा असा कोरडा असतो की ओठ फुटतात. मग पानाचं काय होत असेल? तहान लागते पानाला आणि आपण पाणी ओततो मातीत. माती चिखल होते, काडी खालून कुजते आणि वरून वाळते. म्हणून एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : हवा दमट हवी, आणि माती नुसती वापशावर हवी.

हा शोध जुना आहे. सुमारे १८२९ साली लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी एका पतंगाचा कोष ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला होता. त्या मातीतून नेच्याचं रोप उगवलं आणि बाहेरून पाणी न घालता ते जगलं. आतली वाफ काचेवर जमायची आणि तेच पाणी परत मातीत उतरायचं. पुढे अशाच काचेच्या पेट्यांतून चहाची रोपं चीनमधून जहाजाने हिंदुस्थानात आली. आपल्याला काच नको. चार कामट्या आणि पारदर्शक प्लॅस्टिकचा एक कागद पुरे.

पेटी कशी करावी?

पडवीत उजेड भरपूर, पण थेट ऊन नाही, अशी जागा निवडा. चुलीपासून लांब, धूर आणि चुलीची कोरडी धग, दोन्ही काडीला वाईट. ४ फूट लांब, २ फूट रुंद जागेवर बांबूच्या कामट्यांच्या दीड-दोन फूट उंच कमानी रोवा. जमीन टणक असेल तर कामट्या बांबूच्या चौकटीला बांधा. वरून प्लॅस्टिक टाकून कडा विटांनी दाबा. ४ × ६ इंचाच्या शंभर पिशव्या यात सहज बसतात. पिशव्यांना खाली भोकं पाडा. माती आणि धुतलेली वाळू निम्मीनिम्मी घेऊन त्यात थोडं जुनं, चाळलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण मुळीच नको.

निरोगी, जून होत आलेली, पण वाळकी नव्हे, अशी काडी घ्या. लांबी अर्धा फूट, डोळे तीन-चार. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. खालची पानं काढा; वरची दोनच ठेवा आणि तीही अर्धी कापा. मुळं फुटण्याची पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते. ती कापाला लावली तर मुळं लवकर धरतात. दोन डोळे मातीत जातील अशी काडी खोचा आणि माती दाबा. एकदा पाणी घालून निथळू द्या आणि मग प्लॅस्टिक झाका.

आता रोजची देखरेख. यंत्र नको, प्लॅस्टिकच सांगतं. सकाळी आतल्या बाजूला बारीक दव दिसलं, की हवा बरोबर आहे. दुपारी प्लॅस्टिक आतून कोरडं दिसलं, तर हाताने पाणी शिंपडा. पाण्याचे ओघळ वाहू लागले किंवा पानावर बुरशी दिसली, तर सकाळी अर्धा तास एक बाजू उघडा आणि कुजलेली काडी उपटून लांब टाका. पौषातल्या थंड रात्री वरून बारदान टाका, सकाळी काढा. झाकलेल्या पेटीला आठवड्याला तांब्या-दोन तांबे पाणी सहसा पुरतं.

उन्हाची हयगय करू नका. पहिल्या खेपेला मी स्वतः पेटी अंगणात ठेवली. ऊब मिळेल असं वाटलं होतं. दोन दिवसांत काड्या भाजीसारख्या उकडल्या. प्लॅस्टिकवर ऊन पडलं की आत भट्टी होते, आणि मग कितीही पाणी शिंपडा, उपयोग नाही.

तीन-चार आठवड्यांत पालवी दिसेल. तेवढ्यावर फसू नका. काडीतल्या साठ्यावरही पालवी फुटते, मूळ नसलं तरी. सहा-आठ आठवड्यांनी काडी हलकेच ओढून पाहा. तिने माती धरून ठेवली असेल, तर मूळ आलं. तरीही पेटी एकदम उघडू नये. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन तास, असं वाढवत दहा-बारा दिवसांनी प्लॅस्टिक काढा. एवढी सवय न करता रोप बाहेर आणलं, तर दोन महिन्यांची मेहनत एका दुपारी कोमेजते.

आता खरी गोष्ट पाण्याची. होळीपासून मृगापर्यंत रोपं सावलीत वाढवायची आहेत. रोपाला दिवसाआड पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर धरलं, तर शंभर रोपांना २० लिटर लागतात. वैशाखात आपल्या विहिरींचा तळ दिसतो आणि ते पाणी घरच्या बाया डोक्यावरून आणतात. तेव्हा बंधूंनो, आधी घरातल्या बाईला विचारा, मग काड्या मोजा. भांडी विसळलेलं, राख-साबण नसलेलं पाणी चालतं. शंभर रोपांचं पाणी जमत नसेल, तर पन्नासच ठेवा. आणि सगळ्याच काड्या लागत नाहीत, म्हणून हव्या असतील त्याहून थोड्या जास्त लावा.

पाऊस सुरू झाला, जमीन चांगली भिजली, की रोपं शेतात न्या. पाणी साचणार नाही अशी उताराची जागा निवडा. मागे राहिलेल्या रोपांवर मात्र प्लॅस्टिक घालू नका. आषाढात घरातल्या भिंतीलाही बुरशी येते. पौषात जे प्लॅस्टिक काडी जगवतं, तेच आषाढात रोप कुजवतं.

काही अडलं तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा डहाणू तालुक्यात कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. यंदा छाटणीच्या काड्या बांधावर टाकू नका. निदान वीस तरी पडवीत लावून पाहा.

रामराम.