म्यूनिकला न जाता

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी मी जर्मनांचा बिअरचा उत्सव हा विषय निवडला, हे कळताच आपल्या चिटणीसांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. त्यांची चिंता मी प्रथमच दूर करतो. मी त्या पेयाचा पुरस्कर्ता नाही. आणि केंद्र सरकारच्या सेवेतील मनुष्य व्यासपीठावरून तसला प्रचार करील, असे कोणी मनात आणू नये. एखादा समाज आपला मुलूख सोडून हजारो मैल दूर गेला म्हणजे त्याच्या सणाचे काय होते, एवढेच मला सांगावयाचे आहे. हा प्रश्न आपल्या मंडळाला परका नाही.

मूळ उत्सव बव्हेरियातील म्यूनिक शहराचा. १२ ऑक्टोबर १८१० रोजी तेथील युवराज लुडविग यांचा राजकन्या थेरेसे हिच्याशी विवाह झाला आणि पाच दिवसांनी नगराबाहेरच्या कुरणावर घोड्यांच्या शर्यती झाल्या. कुरणाला वधूचे नाव मिळाले, शर्यती दरवर्षी होऊ लागल्या. पुढे घोडे मागे पडले आणि बिअरचे मंडप राहिले! नाव ऑक्टोबरचे असले तरी आज आरंभ सप्टेंबरातच होतो, कारण तेव्हा हवा अधिक उबदार असते.

शरद ऋतू आणि बिअर यांची सांगड मात्र या लग्नाहून जुनी आहे. उन्हाळ्यात बिअर नासत असे, म्हणून १५५३ च्या राजाज्ञेने बव्हेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात ती बनविण्यास मनाई केली. मार्चमध्ये बनविलेली जरा कडक बिअर थंड तळघरांत साठवून उन्हाळाभर पुरवावयाची आणि नवा हंगाम लागताना उरलेली पिंपे रिकामी करावयाची, असा तो क्रम होता. नवे धान्य येण्यापूर्वी आपल्याकडे कणग्या झाडून घेत, त्यातलाच प्रकार.

म्यूनिकला न जाता हा उत्सव पाहता येतो अशी गावे जगात पुष्कळ आहेत. ब्राझीलमधील ब्लूमेनाउ हे त्यांपैकी एक. डॉ. हेर्मान ब्लूमेनाउ यांनी १८५० साली सतरा जर्मन वसाहतकारांना घेऊन ते नदीकाठी वसविले. १९३८ नंतर ब्राझीलच्या शासनाने राष्ट्रीयीकरणाच्या मोहिमेत शाळांतून जर्मन भाषा काढून टाकली. पुढे १९८३ मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये गाव पुराखाली गेले. दुसऱ्या पुराला दोन-तीन महिनेही झाले नसताना, त्याच ऑक्टोबरात, तेथे पहिला उत्सव भरला. खचलेल्या लोकांना उभारी यावी आणि बुडालेल्या बाजारपेठेत चार पैसे खेळावेत, हा हेतू.

परंतु मी स्वतः पाहिला तो कॅनडातला. २०१६ च्या ऑक्टोबरात भाचीकडे गेलो असता तिच्या घराजवळच्या किचनेर या गावी तिने मला नेले. हे नाव ऐकून मी चपापलोच. लॉर्ड किचनेर म्हणजे १९०२ पासून १९०९ पर्यंत हिंदुस्थानचा सरसेनापती. ज्याच्याशी झालेल्या वादातून लॉर्ड कर्झनला १९०५ मध्ये राजीनामा द्यावा लागला, तोच. बी. ए. ला हे प्रकरण मी पाठ केले होते. जर्मन लोकांच्या गावाला या इंग्रज सेनानीचे नाव कसे?

त्याचे उत्तर असे. १९१६ पर्यंत या गावाचे नाव बर्लिन होते. महायुद्ध सुरू झाले तेव्हा, १९१४ मध्ये, तेथील उद्यानातला कैसर पहिला विल्यम याचा अर्धपुतळा लोकांनी तळ्यात फेकला. १९१६ च्या आरंभी सैनिकांनी जर्मन मंडळींच्या काँकॉर्डिया क्लबवर हल्ला केला. हा क्लब १८७३ चा, म्हणजे एका अर्थी त्यांचे मंडळच. त्याच वर्षी नाव बदलण्यासाठी मतदान झाले आणि अवघ्या ८१ मतांनी बर्लिन हे नाव गेले. जूनमध्ये किचनेरची युद्धनौका बुडून तो मरण पावला होता. त्याचे नाव गावाला लागले. मतमोजणीतले ते ८१ मला अजून बोचतात. त्यानंतर कितीतरी घरांत जर्मन भाषा दाराच्या आतच राहिली असेल.

याच गावाने १९६९ पासून ऑक्टोबरात गावभर हा उत्सव सुरू केला. कॅनडातील कृतज्ञतेच्या सणाशी त्याची गाठ घालून दिली असून त्या दिवशी मोठी मिरवणूक निघते. म्यूनिकमध्ये शहरातील सहाच बिअर-कारखान्यांची बिअर चालते. येथे तसे बंधन नाही. मंडपांऐवजी क्लबांची सभागृहे. आंबविलेली कोबी, सॉसेज, पिळाच्या आकाराचा खारा पाव, पितळी वाद्यांचा गजर. नक्कल म्हणून हसावे, तर हसता येत नाही. साबुदाण्याऐवजी मिळेल त्यावर उपास साजरा केलेली आपण माणसे. कोणत्या तोंडाने हसणार?

आमच्या मेजावर चामड्याची तोकडी विजार घातलेला एक तरुण होता. वाद्यवृंद वारंवार एक गाणे वाजवी आणि तो उठून मोठ्याने गाई. मी अर्थ विचारला. तो लाजला, आणि शेजारच्या मेजावरून आजीला बोलावून आणले. पंच्याऐंशीच्या घरातली ती बाई. तिने नातवाला इंग्रजीतून एकेक शब्द समजावून सांगितला. तोही आम्हा पाहुण्यांइतक्याच लक्षपूर्वक ऐकत होता. तिचे वडील लहान असताना त्यांना रस्त्यावर जर्मन बोलण्याची घरातून मनाई होती, असे तिने सांगितले. सण परत आला; तिच्या नातवाला मात्र त्याचे शब्द परके होते.

मग तिने मला विचारले, “तुमची मुले तुमची भाषा बोलतात का?”

बदलीच्या नोकरीत सहा गावांचे पाणी प्यालेला मी. या मंडळाच्या गणेशोत्सवात माझ्या दोन्ही मुलांनी आरत्या म्हटल्या आहेत, आपण सर्वांनी त्या ऐकल्या आहेत.

“समजते,” मी म्हणालो.

तिने मान हलविली, आणि खाऱ्या पावाची थाळी माझ्याकडे सरकवली.