उशाशी बसणारे माणूस



बाळंतपण म्हणजे स्त्रीचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. म्हणूनच पहिल्या खेपेस लेकीला माहेरी आणण्याची चाल पडली. कळा सुरू झाल्या की सुईण आपले काम करी आणि आई, मावशी किंवा शेजारची एखादी पोक्त बाई उशाशी बसून कंबर चोळी, घोटभर पाणी पाजी, धीर देई. त्या काळी अस्वच्छतेने आणि अतिरक्तस्रावाने कित्येक माता दगावत. ते दिवस परत यावेत, असे कोणीही सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही.

आता बाळंतपण रुग्णालयात गेले आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शेकडा सुमारे ३९ प्रसूती रुग्णालयांत झाल्याचे आढळले. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण शेकडा ८९ च्या घरात गेले. ही मोठीच प्रगती होय. परंतु या वाटचालीत सुईणीची जागा डॉक्टरांनी व परिचारिकांनी घेतली, उशाशी बसणाऱ्या बाईची जागा मात्र बहुधा रिकामीच राहिली. एकेका परिचारिकेला अनेक खाटा पाहाव्या लागतात. आई दाराबाहेर बाकावर आणि लेक आत एकटी, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे.

ही उणीव पाश्चात्त्य देशांतही जाणवली. प्रसूतीच्या वेळी सोबत करणाऱ्या स्त्रीला तिकडे ‘डूला’ म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ सेविका. डॅना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने तो मातेला आधार देणाऱ्या स्त्रीसाठी योजला. डूला तपासणी करीत नाही, औषध देत नाही, प्रसूतीही करीत नाही. ती केवळ जवळ राहते.

केवळ जवळ राहण्याने काय साधते? रॉबर्टो सोसा, जॉन केनेल, मार्शल क्लाउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाटेमालातील एका गजबजलेल्या रुग्णालयात हे पडताळून पाहिले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, सोबतीण लाभलेल्या माता दाखल झाल्यापासून सरासरी ८.८ तासांत बाळंत झाल्या. एकट्या राहिलेल्यांना १९.३ तास लागले. त्या सोबतिणींना वैद्यकीय शिक्षण नव्हते, ओळखही पूर्वीची नव्हती. पुढे अमेरिकेत ह्यूस्टन येथे केलेला प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे एकट्या स्त्रियांपैकी शेकडा १८ जणींवर शस्त्रक्रिया करावी लागली, सोबतीण असलेल्यांत हे प्रमाण शेकडा ८ होते. विशेष हे की, जिच्या खोलीत एक स्त्री न बोलता नुसती नोंदी घेत बसली होती, त्या गटातही ते शेकडा १३ वर आले. २०१७ मध्ये अशा २६ प्रयोगांचा, सुमारे १५,८०० स्त्रियांचा, एकत्रित आढावा निघाला. त्याचाही कौल सोबतीच्याच बाजूने पडला.

आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ एका नात्यातील स्त्रीस राहू देण्याचे धोरण जाहीर केले. अटी साध्या आहेत: तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे, तिला संसर्गजन्य रोग नसावा, शेवटपर्यंत तिने तेथेच थांबावे आणि डॉक्टर-परिचारिकांच्या कामात ढवळाढवळ करू नये. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही स्त्रीच्या पसंतीचे माणूस सोबत असावे, अशी शिफारस केली.

अडचणी आहेत. एका दालनात अनेक खाटा असल्या की इतर स्त्रियांच्या लज्जेचा प्रश्न येतो. पण त्यावर उपाय दोन खाटांमधला पडदा हा आहे, दार लावून घेणे हा नव्हे. धोरण कागदावर असले तरी ते मागितल्यावाचून पदरात पडत नाही. तेव्हा सातव्या महिन्यातच घरच्यांनी रुग्णालयात विचारून ठेवावे, सोबतीण कोण हे गर्भवतीलाच ठरवू द्यावे आणि त्या बाईलाही आपल्या मर्यादा आधी समजावून द्याव्यात. ऐन कळांच्या वेळी दारात वाद घालण्यापेक्षा हे अधिक हितावह होईल.