दृष्टीसाठी तीन हजार मैल

(निडी परिसरातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागोठणे आणि रोहा यांच्यामध्ये असलेल्या निडी स्थानकावर उतरणाऱ्या माणसाला सायकलीचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. शाळेची वाट, दुधाच्या किटल्या, बाजारहाट यांसाठी या वाहनाने आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सेवा केली आहे. मात्र याच वाहनावर बसून नाशिकच्या दोन भावांनी २०१५ साली अमेरिका खंड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडला आणि तोही आदिवासी बांधवांच्या डोळ्यांसाठी. ही हकीकत या भागातील मंडळींनी मुद्दाम ऐकावी अशी आहे.

डॉ. हितेंद्र महाजन हे भूलतज्ज्ञ आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. महेंद्र महाजन हे दंतवैद्य. सायकल चालवणे हा दोघांचाही व्यवसाय नव्हे. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात, पहाटे आणि सुटीच्या दिवशी त्यांनी सराव केला. नाशिक शहरात सायकलीचे वेड चांगलेच रुजले असून तेथील सायकलप्रेमी पंढरपूरची वारीही सायकलीवरून करतात. त्या वातावरणाचा या भावांना लाभ झाला असल्यास नवल नाही. तरीही वारीचा रस्ता आणि अमेरिकेचा रस्ता यांत फार मोठे अंतर आहे.

ज्या शर्यतीत ते उतरले तिचे नाव ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’. ती प्रथम १९८२ साली झाली, तेव्हा तिचे नाव वेगळे होते आणि स्पर्धक अवघे चार होते. पुढे तिचा मार्ग पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्नियातील ओशनसाइड येथून पूर्वेकडील मेरीलँड राज्यातील अॅनापोलिसपर्यंत आखण्यात आला. अंतर सुमारे तीन हजार मैल, म्हणजे ४,८०० किलोमीटर. वाटेत बारा राज्ये. फ्रान्समधील प्रसिद्ध शर्यतीत रोजचा टप्पा संपला की स्पर्धक जेवतो, झोपतो आणि दुसऱ्या दिवशी ताजातवाना होऊन निघतो. येथे तसे नाही. पहिल्या पायंडलाला घड्याळ सुरू होते ते शेवटच्या रेषेवरच थांबते. झोप घ्यावयाची ती त्याच वेळातून. एकट्या स्पर्धकाला बारा दिवसांची मुदत असते, तर संघाला नऊ दिवसांची. मुदत चुकली की तीन हजार मैलांचे श्रम नोंदीत धरले जात नाहीत.

दोघांच्या संघात एकजण रस्त्यावर असतो, तर दुसरा पाठीमागून येणाऱ्या गाडीत पडून राहतो. तिला विश्रांती म्हणावयाची इतकेच. गाडी हलते, माणसे बोलतात, आणि डोळा लागतो न लागतो तोच पाळी येते. आरंभी वाळवंट लागते व जूनच्या उन्हात पारा चाळिशी ओलांडतो. तेथून रॉकी पर्वताची चढण सुरू होते. कोलोरॅडो राज्यातील वुल्फ क्रीक खिंड ३,३०० मीटरहून उंच आहे. नाशिककरांच्या परिचयाचे कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंचीचे, म्हणजे खिंडीची उंची त्याच्या दुपटीइतकी होते. पर्वत उतरल्यावर कॅन्ससचे सपाट मैदान येते. अनुभवी स्पर्धक या मैदानाला पर्वताइतकेच भितात; कारण तेथे वाऱ्याला आडोसा नाही आणि डोळ्यांना पाहण्यासारखे काही नाही, त्यामुळे झोप अनावर होते. मिसिसिपी नदी ओलांडून पुढे गेले की शेवटी अॅपलाचियन पर्वतरांगांचे चढउतार असतात, आणि तोवर पायांत त्राण उरलेले नसते.

या भावांनी हा मार्ग ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केला. मुदतीला नऊ तास शिल्लक होते. थांबे, पाळ्यांची अदलाबदल, रात्र आणि चढण हे सर्व धरून ताशी तेवीस किलोमीटरांची सरासरी पडली. ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्यानंतर दोन वर्षांनी, २०१७ साली, लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी ती एकट्याने पूर्ण केली. पहिल्यांनी ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत, दुसऱ्यांनी ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत. गोकुलनाथ यांचा २०१६ चा प्रयत्न अर्धवट राहिला होता, हेही शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. चौघेही डॉक्टर आहेत हा योगायोगच म्हणावयाचा. की रात्रपाळीची सवय कामी आली?

परदेशी सायकलीवरून जाण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे मुंबईचे तरुण १९२३ साली निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली परतले. तो साहसाचा प्रवास होता. महाजन बंधूंच्या प्रवासामागे साहसाखेरीज आणखी एक हेतू होता. ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ हे नाव घेऊन ते रस्त्यावर उतरले होते. आदिवासी भागातील नेत्रोपचारांकडे लोकांचे लक्ष वेधावे आणि त्यासाठी साहाय्य उभे राहावे हा तो हेतू. पाश्चात्त्य देशांत ही रीत चांगलीच रूढ आहे. स्पर्धक कार्य जाहीर करतो, परिचित आणि अपरिचित लोक मैलागणिक किंवा ठोक रक्कम देण्याचे वचन देतात, आणि प्रवास पुरा झाल्यावर ती रक्कम संस्थेकडे जाते. या रीतीत एक पथ्य मात्र सांभाळावे लागते. विमानभाडे, गाड्या, सोबतची माणसे यांचा खर्च मोठा असतो. तो खर्च आणि कार्यासाठीची देणगी यांचे हिशेब वेगळे ठेवले नाहीत, तर धर्मादाय प्रवास ही केवळ जाहिरात होऊन बसते. आपल्याकडे कोणी तरुण असा उपक्रम हाती घेईल तेव्हा पंचायतीने पहिला प्रश्न हाच विचारावा.

आता डोळ्यांविषयी. मोतीबिंदूत डोळ्यातील नैसर्गिक भिंग हळूहळू गढूळ होते. आपल्या देशातील अंधत्वाचे ते सर्वांत मोठे कारण आहे आणि आनंदाची गोष्ट अशी की, त्यावर खात्रीचा उपाय आहे. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवण्याची शस्त्रक्रिया बहुधा अर्ध्या तासाच्या आत होते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू असून शासकीय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. असे असताना पाड्यावरची म्हातारी चाचपडत का बसते? पैशापलीकडचीही कारणे आहेत. रुग्णालयात कोणी सोबत नेणारे नसते. सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते. शस्त्रक्रियेनंतर ठरलेल्या वेळी औषधाचे थेंब कोणी घालावयाचे, हे ठरलेले नसते. आणि सर्वांत मोठी अडचण भीतीची. शेजारच्या वाडीतील एखाद्याचा डोळा पूर्वी बिघडला असेल, तर ती गोष्ट वीस वर्षे सांगितली जाते. ज्यांना दिसू लागले त्यांची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही.

रायगड जिल्ह्यातील कातकरी वस्त्यांच्या बाबतीत यात आणखी एक अडचण आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर बाहेर पडतात, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. नेत्रशिबिरे मात्र बहुधा हिवाळ्यात भरतात. मांडव पडतो, फलक लागतो, डॉक्टर येतात आणि ज्यांच्यासाठी हे सारे केले ती माणसे दुसऱ्या तालुक्यात विटा थापत असतात. नोंदवहीत उपस्थितीचा आकडा कमी पडला म्हणजे ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारला जातो. तो शेरा अन्यायाचा आहे.

येथे शाळेचा शिक्षक पुष्कळ काही करू शकतो. कोणत्या घरी आजी उंबरा चाचपून ओलांडते, कोणत्या आजोबांना ताटातला भात दिसत नाही, हे मुलांना ठाऊक असते. पावसाळ्यात कुटुंबे वाडीवर असताना अशी नावे लिहून घेतली, पंचायतीने त्यांतील प्रत्येकासोबत जाणारा माणूस आणि वाहन नेमले, आणि ती यादी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे भाताच्या कापणीपूर्वी पोहोचली, तर स्थलांतराच्या आधी शस्त्रक्रिया आणि नंतरची तपासणी या दोन्ही गोष्टी उरकता येतात. ज्याला दिसू लागले त्याला पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीवर घेऊन जावे. त्याच्या बोलण्याने जितकी भीती जाते तितकी कोणत्याही पत्रकाने जात नाही.

अमेरिकेच्या रस्त्यावर रात्री सायकलस्वाराच्या मागे एक गाडी सतत दिवे लावून चालते. स्पर्धेचा तसा नियमच आहे. गाडी नसेल तर रात्री पुढे जाता येत नाही. तिच्यातील माणसांची नावे फारशी कोठे छापून येत नाहीत. रस्ता सांगणे, पाणी देणे, पेंगणाऱ्याला हाक मारणे आणि दुसऱ्या भावाला वेळेवर उठवणे ही त्यांची कामे. निडीपासून रुग्णालयापर्यंतचे अंतर त्या मानाने अगदीच थोडे आहे, आणि तेवढ्यासाठी एका सोबत्याची सोय करावयाची आहे. यंदाची यादी कोणत्या शाळेपासून सुरू करावयाची, हे आजच्या बैठकीत ठरवता येईल.