फळी उन्हात पारखावी

आजचा विषय वरवर पाहता चैनीचा वाटेल. घराच्या गच्चीवर किंवा सज्जात लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या बसवावयाच्या असतील, तर बाजारातील अनेक कंपन्यांपैकी कोणाच्या निवडाव्यात, हा तो विषय. या फळ्यांना दुकानदार ‘कॉम्पोझिट डेकिंग’ म्हणतात. ज्याला दोन वेळच्या भाकरीची विवंचना आहे त्याच्यापुढे हा प्रश्न येत नाही, हे मी जाणतो. परंतु ज्या घरांत आयुष्यभराच्या कष्टांनंतर चार पैसे शिल्लक पडले आहेत, त्या घरांत तो येतो. आणि आला म्हणजे त्याचे उत्तर चुकण्याचा संभव फार असतो. आमच्या घरी ते चुकले, म्हणूनच हे बोलण्याचा मला काही अधिकार आहे.

आम्ही उधन्याचे राहणारे, मूळचे खान्देशातले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि सुरतेचा खान्देशाशी लोहमार्गाने संबंध जुळला. पुढे जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतील हजारो कुटुंबे यंत्रमागांच्या आणि रंगाई-छपाईच्या कामासाठी या बाजूस येऊन वसली. आमच्या गावाकडचे घर धाब्याचे होते. सागाच्या तुळया, त्यांवर काटक्यांचा थर, त्यावर मातीचा जाड थर आणि अगदी वर पांढरी माती. उन्हाळ्यात संध्याकाळी धाब्यावर पाणी शिंपडावे, अंथरुणे घालावीत आणि चांदण्या मोजत झोपी जावे, असा क्रम होता. उधन्यास आलो तेव्हा प्रथम सिमेंटच्या पत्र्याखाली राहिलो. पुढे स्लॅबचे घर झाले आणि गच्ची मिळाली. सुरतेत गच्चीला मोठा मान आहे. मकरसंक्रांतीचे पतंग गच्चीवर, कोजागरीनंतरच्या चांदनी पडव्याची घारी गच्चीवर. आणि आम्हां खान्देशी मंडळींचे बिबडे, पापड, कुरडया यांचे वाळवणही गच्चीवरच.

अशा या गच्चीवर एका दिवाळीनंतर आम्ही फळ्या बसविल्या. तीन विक्रेत्यांकडे गेलो. थंड केलेल्या दालनात, मंद दिव्यांखाली, नमुन्यांचे तुकडे हातात घेऊन पाहिले. कोणती कंपनी मोठी, कोणाची हमी अधिक वर्षांची, कोणाचा भाव कमी, यावर घरात आठ दिवस वाद झाला. शेवटी गडद सागवानी रंगाची फळी पसंत पडली. थंडीत ती शोभून दिसली. मग वैशाख आला. माझी आई नेहमीप्रमाणे अनवाणी वर गेली आणि दुपारी उन्हात उभी राहून बिबडे उलटीत राहिली. तिला बरीच वर्षे मधुमेह आहे आणि तळपायांची संवेदना मंदावलेली आहे. चटका तिला जाणवलाच नाही. संध्याकाळी पाय धुताना तळव्यांवरचे फोड दिसले. मधुमेही माणसाच्या पायाची जखम म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी हा रोग आहे त्यांना सांगावयास नको. ती जखम भरून यावयास पावसाळा उजाडला. आम्ही कंपन्यांच्या नावांची पारख केली होती. फळीची केली नव्हती.

आता ही फळी असते काय, ते पाहू. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र तापवून, साच्यातून दाबून ती काढलेली असते. प्लॅस्टिक बहुधा पॉलिथिलीन असते, कोठे पीव्हीसी असते. अमेरिकेत मोबिल या तेलकंपनीचा असा विभाग विकत घेऊन १९९६ साली ट्रेक्स ही कंपनी उभी राहिली; वापरलेल्या पॉलिथिलीनच्या पिशव्या व आवरणे आणि कारखान्यांतील टाकाऊ भुसा हा तिचा कच्चा माल. टिंबरटेक, फायबरॉन, मॉइश्चरशील्ड ही त्याच बाजारातील इतर नावे. त्यांपैकी टिंबरटेकच्या काही फळ्यांत लाकूड मुळीच नसते. त्या निव्वळ प्लॅस्टिकच्या असतात. यांखेरीज चिनी आणि देशी बनावटीचा मालही आपल्याकडे मिळतो. तेव्हा पहिली गोष्ट ही, की एकाच नावाखाली दोन-तीन निरनिराळ्या जातींच्या फळ्या विकल्या जातात. ‘अमुक कंपनी चांगली’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. तिची कोणती फळी, कोणत्या रंगाची, हे विचारल्यावाचून त्याला अर्थ येत नाही.

उन्हाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा रंग. सुरत कर्कवृत्ताच्या थोडी दक्षिणेस आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ नेमका डोक्यावर येतो आणि आडव्या पृष्ठभागावर त्याचा सारा मारा होतो. गडद रंग तो प्रकाश शोषून घेतो, फिका रंग बराचसा परतवितो. एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी तयार झालेल्या काळपट आणि राखी फळ्यांत जो फरक पडतो, तो पुष्कळदा दोन कंपन्यांच्या एकाच रंगाच्या फळ्यांतील फरकाहून मोठा असतो. काही उत्पादकांनी उष्णता कमी शोषणारे लेप काढले आहेत. मॉइश्चरशील्डचा ‘कूलडेक’ त्यांतलाच. ट्रेक्सनेही आपल्या काही रंगांत तशी योजना केली आहे. हे प्रयत्न खरे आहेत. परंतु त्यांतील ‘थंड’ हा शब्द तुलनेचा आहे, हे विसरू नये. त्याच छटेच्या साध्या फळीपेक्षा कमी तापणारी, एवढाच त्याचा अर्थ. वैशाखातल्या दुपारी ती अनवाणी पायास सुखाची होईलच, असे त्यातून निघत नाही.

दुसरी गोष्ट वस्तूच्या घडणीची. सारख्याच तापलेल्या दोन वस्तू पायाला सारख्या भासत नाहीत. लोखंड आपली उष्णता पायात झपाट्याने लोटते, दगड त्याहून सावकाश, लाकूड फारच सावकाश. ही मिश्र फळी साध्या लाकडाहून घट्ट असते आणि त्यामुळे समान तापमानाला ती लाकडापेक्षा अधिक पोळते. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले, की कातडीचे तापमान ४४ अंश सेल्सिअसवर राहिले तर इजा होण्यास काही तास लागतात, परंतु ६० अंशांवर काही सेकंद पुरतात. निरोगी माणूस त्याआधीच पाय उचलतो. तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेले माणूस आणि संवेदना गेलेला मधुमेही यांना तो उचलता येत नाही, किंवा उचलावा हे कळत नाही.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. या फळ्या प्रथम आल्या तेव्हा त्यांच्यावर आवरण नव्हते. उन्हाने त्यांचा रंग विटे, आतला भुसा पावसाचे पाणी शोषून घेई आणि त्यावर काळी बुरशी धरे. साधारण २०१०पासून चांगल्या उत्पादकांनी फळीवर शुद्ध प्लॅस्टिकचे आवरण चढविण्याचा प्रघात रूढ केला. हे आवरण चारी बाजूंनी आहे की केवळ वरून व कडांवरून आहे, हे फळीचे टोक पाहून ओळखता येते. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि उरलेल्या काळात कडक ऊन; तेव्हा आवरण नसलेली स्वस्त फळी घेण्यात काटकसर नाही. शिवाय उधन्याच्या शेजारी पांडेसऱ्यास कापडाच्या प्रक्रियेचे कारखाने आहेत. धुराड्यांची काजळी फिक्या फळीवर बसते, आणि मळलेली फिकी फळी गडद फळीसारखीच तापू लागते. फिका रंग घेणाऱ्याने ती वरचेवर धुण्याची तयारी ठेवावी.

चौथी गोष्ट बसविण्याची. उष्णतेने ही फळी लाकडापेक्षा कितीतरी अधिक वाढते. तीन मीटर लांबीची फळी पौषातल्या पहाटेपासून वैशाखातल्या दुपारपर्यंत पंचेचाळीस अंशांनी तापली, तर मिश्रणानुसार सुमारे पाच मिलिमीटर लांब होऊ शकते. टोकांना जागा सोडली नसेल तर ती मधून कमान करून वर उठते. आमच्याकडे तेही झाले. खालच्या आधारपट्ट्यांतील अंतरही उष्ण प्रदेशात कमी ठेवावे लागते. कारण तापलेले प्लॅस्टिक मऊ होऊन वजनाखाली वाकते. आणि स्लॅबला भोके पाडून पट्ट्या ठोकू नयेत, नाही तर गच्चीचा कोबा फुटून पहिल्याच पावसात खालच्या खोलीत गळती सुरू होते. स्लॅबवर नुसत्या टेकविलेल्या पायांवर सांगाडा उभारता येतो.

फळीखालची पोकळी हाही विचाराचा विषय आहे. तेथे पाणी साचले तर डास होतात, कचरा साचला तर उंदीर येतात. १९९४च्या प्लेगने आणि त्यानंतरच्या मोठ्या स्वच्छतेच्या कामाने सुरतेला जो धडा दिला तो आपण गच्चीवरच विसरावा, हे बरे नव्हे. मधल्या काही फळ्या सहज उचलता येतील अशी सोय विक्रेत्याकडून आधीच कबूल करून घ्यावी. हमीपत्रही वाचावे: ती हमी भारतात लागू आहे काय, रंग विटणे आणि फळी वाकणे तीत येते काय, बदलून देताना मजुरी कोणी द्यावयाची?

या सर्वांवर माझा एकच उपाय आहे. तीन-चार कंपन्यांचे, निरनिराळ्या रंगांचे हातभर तुकडे विक्रेत्याकडून मागून घ्यावेत. नमुना देण्यास जो कुरकुर करील त्याचा माल घेऊ नये. ते तुकडे सकाळीच आपल्या गच्चीवर, मोकळ्या उन्हात मांडावेत. शेजारी एक पांढरी चकचकीत फरशी आणि एक सागाचा तुकडा ठेवावा. दुपारी दोनच्या सुमारास निरोगी माणसाने प्रथम हाताची मागची बाजू लावून पाहावी, मग हलकेच पाऊल. हे हिवाळ्यात करू नये, चैत्र-वैशाखापर्यंत थांबावे. विक्रेत्याचे दालन, छापील पुस्तिका आणि शेजाऱ्याची शिफारस या तिन्हींनी जे सांगितले नसते, ते त्या एका दुपारी कळते. परीक्षेत कदाचित सगळेच तुकडे नापास होतील. तसे झाले तर तेही उत्तरच आहे.

आमच्या गच्चीचे पुढे काय झाले, ते सांगून संपवितो. उघड्या उन्हातल्या फळ्या आम्ही उचलल्या आणि तेथे पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी केली. गुजरातेत ती पूर्वापार चालत आली आहे. ती पाणी अडविते, ऊन परतविते आणि खालची खोलीही थोडी निववते. उचललेल्या फळ्या पूर्वेच्या सज्जात छपराखाली बसविल्या. तेथे दुपारचे ऊन येत नाही, आणि तेथे त्या खरोखरच सुंदर दिसतात. वस्तू वाईट नव्हती. तिची जागा चुकली होती, आणि रंगही. आई अजूनही वाळवण घालते, परंतु चपला घालून, आणि सकाळी नऊच्या आत. संध्याकाळी मात्र गच्चीवर पाणी शिंपडण्याचा तिचा क्रम तिने सोडलेला नाही.