नाल्याची वही ग्रामसभेची
(पाड्यावरच्या बैठकीत केलेले भाषण)



जमिनीच्या दाव्यासाठी आपण पुरावे गोळा केले. आता नाल्याचे पुरावे गोळा करायचे आहेत.

होळीनंतर डोहात हिरवं शेवाळ माजतं, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात, हे सगळ्यांनी बघितलंय. कोणी म्हणतं, विष टाकलं. दर वेळी विष नसतं. शेतातला युरिया, डीएपी, गुरांचं शेण, संडासाचं पाणी यातून नत्र आणि स्फुरद नाल्यात जातं. पिकाला खत लागतं तसं ते शेवाळालाही लागतं. शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं, पण रात्री तोच ओढून घेतं. मेलेलं शेवाळ कुजतं तेव्हा आणखी कमी होतो. म्हणून मासा पहाटे गुदमरतो.

नत्राचं नायट्रेट झिऱ्याच्या पाण्यातही उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळून ते जात नाही. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं सरकारी प्रमाण आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेलं वरचं दूध पाजलं, तर बाळ निळं पडू शकतं.

मग करायचं काय? तीन जागा ठरवा. एक शेतांच्या वर, जंगलात. दुसरी शेतांच्या खाली. तिसरी आश्रमशाळेच्या खाली. दर अमावस्येला आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तिथेच जायचं. रंग, वास, शेवाळ, मासे, सगळं वहीत लिहायचं. नायट्रेटची पट्टी पाण्यात बुडवून रंग जुळवायचा. जास्त निघालं तर जलसुरक्षकाला सोबत घेऊन बाटली भरायची, तिच्यावर जागा, तारीख, वेळ टाकून प्रयोगशाळेत पाठवायची. वर स्वच्छ आणि खाली खराब, म्हणजे घाण मधल्या पट्ट्यातून आली. एवढा हिशोब आपल्याला येतो.

आता खरं सांगते. आम्ही पट्टी लावली तेव्हा पहिली खराब नोंद आमच्याच नेवाडाखालची निघाली. बा म्हणाला, "हे लिहू नको. साहेबाच्या हाती पडलं तर दावा जाईल." मी लिहिलं. दावा 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या कब्जावर ठरतो, युरियाच्या गोणीवर नाही. आणि आपलं झाकून आश्रमशाळेचं तेवढं लिहिलं, तर वहीवर विश्वास कोण ठेवणार?

उपाय आपल्याच हातात आहे. स्फुरद मातीला चिकटून वाहतं, म्हणून बांध घाला, काठावर गवत राखा. नत्र पाण्यात विरघळून जातं, त्याला बांध पुरत नाही. म्हणून युरिया एकदम टाकू नका, थोडा थोडा द्या, मोठा पाऊस येणार असेल तर थांबा. बा यंदा तसंच करतोय. आणि तिसऱ्या जागेची नोंद घेऊन आपण आश्रमशाळेकडे जाऊ: संडासाच्या पाण्याला शोषखड्डा करा, नाल्यात सोडू नका.

वनहक्क कायदा 2006, कलम 5 सांगतं, पाण्याचे स्रोत नीट राखले जातील हे बघण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. अधिकार कागदावर आहे, वही आपल्याला करायची आहे. येत्या अमावस्येला प्रत्येक पाड्यातून दोन पोरं आणि एक बाई नाल्यावर या. वही मी आणते.

जिंदाबाद!